रंधा मारलेली नावं

“मुलं कुठे गेली?” मिस्टर हॅलमनी विचारलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातली आमची जॉइनरी, म्हणजे लाकडी दारं, कपाटं, भिंतींची पॅनेलं बनवायची फॅक्टरी. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला ट्रकचं गॅरेज. इथे मुलं कुठून येणार? मला वाटलं, लेबर इन्स्पेक्शनची काहीतरी भानगड असावी. मी घाईघाईने म्हटलं, “सर, आमच्याकडे सगळे वयाने मोठे आहेत. पासपोर्टच्या कॉप्या आहेत. दाखवू?”

त्यांनी ऐकलंच नाही. समोर ओकच्या सात रुंद फळ्या उभ्या होत्या. नुकत्याच पॉलिश झालेल्या, एकसारख्या रंगाच्या. सकाळीच मी त्यांच्यावरून हात फिरवून खूश झाले होते. आता हॅलमसाहेब हात फिरवत होते, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मुलं,” ते पुन्हा म्हणाले. “त्यांची नावं. इथे त्रेसष्ट नावं कोरलेली होती.”

“हो, होती ना!” मी म्हटलं. “सगळी काढली.”

अजूनही हे आठवलं की कानशिलं गरम होतात. कारण हे मी शाबासकीची वाट बघत म्हटलं होतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटची. मी मूळची सांगलीची. मुंबईत इंटिरियरचा डिप्लोमा केला, लग्न करून यूएईत आले. नवरा फुजैराच्या बंदरावर, जहाजांना तेल भरणाऱ्या टर्मिनलवर. तो गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा आणि शनिवारी पहाटे जायचा. मी आणि आमचा दहा वर्षांचा निखिल शारजात. फॅक्टरीत मी एकटीच बाई. काम प्रॉडक्शन कोऑर्डिनेटरचं: ड्रॉइंग बघायचं, कोणत्या लाकडाचं काय करायचं ते जॉब कार्डवर लिहायचं, आणि फोरमनच्या हातात द्यायचं. जॉब कार्ड म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी समजा. त्यावर लिहिलं असेल तेच औषध लाकडाला मिळतं.

फॅक्टरीचे मालक मिस्टर नबील, लेबनीज. त्यांना ‘व’ उच्चारता यायचा नाही, त्यामुळे मी सात वर्षं ‘मिस फैशाली’ होते. फोरमन इस्माईलभाई रत्नागिरीकडचे. बावीस वर्षं गल्फमध्ये. वर्कशॉपमध्ये मल्याळी, पंजाबी, बंगाली अशा सगळ्यांशी हिंदीत बोलायचे, आणि माझ्याशी मराठीत. लोकांसमोर ‘मॅडम’, एरवी ‘बाय’.

काम होतं एका नव्या शाळेचं. दुबईच्या बाहेर, वाळूत, एका धनाढ्य कुटुंबाने शाळा बांधली होती. पण शाळेचं नाव, बोधचिन्ह, टायचे पट्टे हे सगळं इंग्लंडमधल्या एका शेकडो वर्षं जुन्या शाळेचं. त्या शाळेने नाव वापरू दिलं, त्याबदल्यात दरवर्षी रक्कम, आणि देखरेखीला तिकडून एक बर्सर. बर्सर म्हणजे शाळेचा हिशेब, इमारती, सामान सांभाळणारा अधिकारी. तेच हे हॅलम. साठीला आलेले, फौजेतून निवृत्त, बेचाळीस डिग्रीतही टाय लावणारे. वर्ग सप्टेंबरातच सुरू झाले होते. मागे पडला होता तो डायनिंग हॉल, आणि त्याचं उद्घाटन फेब्रुवारीच्या शेवटी होतं.

तो हॉल आम्ही करत होतो. आता ऐका गंमत. भिंतींना नवं ओक लावायचं, पण ते नवं दिसता कामा नये. त्यासाठी जी पद्धत असते तिला डिस्ट्रेसिंग म्हणतात. छान रंधा मारलेली फळी घ्यायची आणि तिला सायकलच्या चेनने, किल्ल्यांच्या जुडग्याने बडवायचं. म्हणजे ती शंभर वर्षं वापरल्यासारखी दिसते. आमच्या ऑफिसात त्याचा अप्रूव्हड सॅम्पल टांगलेला होता. म्हणजे ग्राहकाच्या कन्सल्टंटने सही करून मंजूर केलेला तुकडा. सगळा माल त्याबरहुकूम लागतो. एक फूट लांबी-रुंदीत सात ठोके, दोन ओरखडे, किड्याची तीन भोकं. भोकं ड्रिलने. मी ते मोजून जॉब कार्डवर लिहिलं होतं आणि आमचे दोन सुतार आठवडाभर मोजून मोजून बडवत होते.

“मिस फैशाली,” नबील म्हणाले होते, “लाकूड मोडायचे पैसे देणारा ग्राहक देवाने मला पहिल्यांदाच पाठवलाय. यल्ला, काही विचारू नकोस.”

आणि मग इंग्लंडहून खोकं आलं. आत सात जुन्या फळ्या. मूळ शाळेच्या जुन्या वर्गातून काढलेल्या, नव्या शाळेला भेट. मुख्य भिंतीवर, मधोमध लावायच्या. सोबतच्या कागदावर फक्त मापं आणि ‘नव्या पॅनेलिंगशी जुळवून बसवणे’ एवढंच.

मी झाकण उघडून बघितलं आणि म्हटलं, अगं बाई! वरपासून खालपर्यंत नावं कोरलेली. काही सरळ, काही तिरकी, एक तर चक्क उलटं. कुणाचं आडनाव, कुणाचं वर्ष, एकावर एक. माझे वडील सांगलीला शाळेत चित्रकलेचे मास्तर. बाकावर करकटकाने नाव कोरणं हा आमच्या घरात चोरीइतका मोठा गुन्हा. मी पाचवीत असताना बाकावर नुसतं ‘वै’ कोरलं होतं, तर बाबांनी रविवारी मला शाळेत नेऊन पॉलिश पेपरने तो बाक घासून घेतला होता. हाताला फोड आले होते. तेव्हा त्या फळ्या बघून मला वाटलं, बिचाऱ्यांची केवढी नाचक्की! भेट पाठवताना पोरांचा उपद्व्याप कुणी बघितलाच नाही वाटतं.

मी जॉब कार्ड लिहिलं: थिकनेसरमधून सहा मिलिमीटर काढून सर्व खुणा घालवणे, नंतर अप्रूव्हड सॅम्पलप्रमाणे फिनिश. थिकनेसर म्हणजे मशीनचा रंधा. फळी एका बाजूने घातली की दुसऱ्या बाजूने सपाट होऊन येते.

इस्माईलभाईंनी कार्ड वाचलं. फळीवरून बोट फिरवलं. “बाय, एकदा विचारून घेऊ या का? गोऱ्याचं काही सांगता येत नाही.”

“विचारायचं काय त्यात? उद्या स्नॅग लिस्टमध्ये पहिला नंबर ह्याचाच लागेल,” मी म्हटलं. स्नॅग लिस्ट म्हणजे काम झाल्यावर ग्राहक बारीकसारीक दोष शोधून जी यादी देतो ती. आमचं अर्धं आयुष्य त्या यादीच्या धाकात गेलं.

इस्माईलभाईंनी मान हलवली, कार्डवर माझ्या सहीखाली सही केली आणि मशीन चालू केलं. काम त्यांनी फार सुंदर केलं. वर अप्रूव्हड सॅम्पलप्रमाणे, मोजून, फुटाला सात ठोकेही मारले.

हॅलम त्या दिवशी तसेच निघून गेले. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, नबीलनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर शाळेच्या मालकांचं पत्र होतं. भरपाई वगैरे पुढे बघू, पण आधी ह्या प्रकाराला जबाबदार माणूस कोण ते कळवा, आणि त्याला कामावरून काढल्याचं लेखी द्या. नाही दिलं तर हॉलचं उरलेलं सगळं काम दुसऱ्याला.

“मी लिहिलं ते,” मी म्हटलं. “माझी सही आहे.”

“त्याचीही आहे.”

“त्याने मला विचारून घ्या म्हणून सांगितलं होतं!”

नबीलनी चष्मा काढला. “हबीबी, ऐक. माझी इंजिनियर चुकते असं मी लिहून दिलं तर उद्या मला काम कोण देईल? सुतार चुकला, तर सुतार चुकतातच. शनिवारी त्याचा व्हिसा कॅन्सल. खलास.”

माझं डोकंच फिरलं. पण नुसतं फिरून काय उपयोग? मी नवऱ्याच्या व्हिसावर. माझी नोकरी गेली तरी मी घरी बसणार, एवढंच. इस्माईलभाईंचा व्हिसा फॅक्टरीचा, आणि बायको-मुलीचा त्यांच्या व्हिसावर. तो कॅन्सल झाला की महिन्याभरात तिघांनी देश सोडायचा. मुलगी नसीमा शारजाच्या इंडियन स्कूलमध्ये दहावीला. जानेवारी चालू होता. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये.

मी वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांना सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. त्यांनी हातातली छिन्नी फडक्याने पुसून ठेवली.

“बाय, मला मार्चपर्यंत थांबवा. पोरीचा शेवटचा पेपर झाला की मी आपणहून जातो. साहेबाला एवढंच सांगा.”

“तुम्ही का जाल? चूक माझी आहे!”

“ते मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. अजिबात न रागावता. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी मी टॅक्सी करून शाळेत गेले आणि हॅलमना सगळं खरं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मिसेस जोशी, नाव मालकांना हवंय, मला नाही. माझ्याकडे त्रेसष्ट होती.”

मग त्यांनी चहा मागवला. आणि मी विचारलं, कारण मला खरोखरच कळत नव्हतं: “सर, बाकावर नाव कोरणाऱ्या पोराला तुमच्याकडे शाबासकी देतात का?”

“छे. छडीने फोडून काढायचे.”

“मग ती नावं जपून का ठेवलीत?”

आणि मग त्यांनी मला त्या शाळेचा इतिहास सांगितला. तो ऐकताना मी जास्तच गोंधळत गेले. तुम्हीच बघा.

ती शाळा एका लोकरीच्या व्यापाऱ्याने काढली. मरताना पैसा ठेवून गेला, की गावातल्या चाळीस गरीब मुलांना फुकट लॅटिन शिकवा. मी म्हटलं, गरिबांना लॅटिन कशाला? तर म्हणे त्या काळी पाद्री व्हायचं, कारकून व्हायचं तर लॅटिन लागायचं. बरं. पगार पुरेना म्हणून मास्तरांनी फी भरणारी थोडी मुलं घेतली. ती मुलं सरदार-जमीनदारांची. ती वाढली, गरिबांची कमी झाली, आणि शेवटी शाळाच त्यांची झाली. तरी अशा शाळांना तिकडे पब्लिक स्कूल म्हणतात. का, तर कुठल्याही गावचा मुलगा येऊ शकतो म्हणून. फी परवडली तर.

“आणि एवढी फी भरून मुलांना काय मिळायचं?”

“थंड पाण्याची आंघोळ. वाईट जेवण. मोठ्या मुलांचे बूट पुसायचं काम. सात-आठ वर्षांचा असताना मुलगा घर सोडायचा आणि अठराव्या वर्षी तयार होऊन बाहेर पडायचा.”

“तयार म्हणजे कशासाठी?”

“तुमच्या देशावर राज्य करायला, बहुतेक वेळा,” हॅलम म्हणाले. आणि मग जरा ओशाळून म्हणाले, “चहात साखर?”

मी चहा ढवळता ढवळता सगळं जुळवून बघितलं. श्रीमंत आईबाप पैसे मोजून मुलाला उपाशी ठेवतात, मार खायला लावतात, आणि त्यातून निघालेला मुलगा आमच्याकडे कलेक्टर होऊन येतो. त्याने लहानपणी केलेली खोडी लाकडावर राहते आणि ते लाकूड दीडशे वर्षांनी दुबईत भेट म्हणून येतं. कारण इथल्या आईबापांना हवं असतं ते शिक्षण नाही, ती खोडी. म्हणजे तसं हॅलम म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “परंपरा.”

“मग सर, आम्ही ती नावं पुन्हा कोरून देतो ना! काय कठीण आहे?”

“नाही.” ते एकदम ताठ झाले. “ती बनवाबनवी होईल. मुलांनी स्वतःच्या हाताने कोरलेली नावं होती ती.”

आता ह्याला काय म्हणावं? त्याच भिंतीवर चेनने बडवलेलं नवं ओक चालतं, ड्रिलने पाडलेली किड्यांची भोकं चालतात. कोरलेली नावं मात्र बनवाबनवी. मी हात टेकले.

घरी आले तर निखिलने सगळं ऐकून घेतलं. तो शाळेतून आल्यापासून इंग्लिशच बोलायचा. “सो दे रोट ऑन द फर्निचर अँड दे बिकेम गव्हर्नर्स? आई, कॅन आय?” मी त्याला धपाटा घातला. आणि मग माझी मलाच लाज वाटली, कारण हेच मी दुपारी हॅलमना विचारून आले होते.

गुरुवारी सकाळी हॅलमसाहेब फॅक्टरीत आले ते काखेत कागदाची एक जाड गुंडाळी घेऊन. पाठवण्याआधी इंग्लंडमध्ये विम्यासाठी त्या फळ्यांचे ठसे घेतले होते. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, अगदी तसेच, फक्त काळ्या मेणाने. सात फळ्यांचे सात लांब कागद. नुकसान किती झालं ते फळ्यांवर कागद लावून नोंदायचं होतं. त्यांनी ते टेबलावर पसरले आणि नबीलना भेटायला वर गेले.

इस्माईलभाई लांबून बघत होते. मग जवळ आले. त्यांना इंग्लिश फारसं वाचता येत नसे. नावं ते वाचतच नव्हते. ते अक्षरांच्या कडा बघत होते. खिशातून चष्मा काढला, एका कागदावरून दुसऱ्यावर गेले, परत पहिल्यावर आले.

“बाय,” ते म्हणाले, “हे पोरांनी कोरलेलं नाही.”

“म्हणजे?”

“ही खालची वेडीवाकडी आहेत ना, ती पोरांची. चाकूची. हात घसरलाय, अक्षर मोठं होत गेलंय, शेवटी जागाच उरलेली नाही. पण ही वरची बघा. हे अक्षर बघा आणि ते बघा. ह्या कागदावर, त्या कागदावर, सगळीकडे सारखंच. दोन अक्षरांमधलं अंतर एक. आणि घाव संपतो तिथे बारीक शेपूट राहिलीय, ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला. आपली, उजव्या हाताची असती, तर दुसऱ्या बाजूला आली असती. हा माणूस डावखुरा आहे. चांगला कसलेला सुतार. पोरबीर नाही.”

“खात्री आहे?”

“बावीस वर्षं छिन्नी मारतोय, बाय. माझं इंग्लिश कच्चं आहे. छिन्नी नाही.”

आम्ही बसून मोजलं. त्रेसष्टातली एकेचाळीस नावं त्या एकाच डावखुऱ्या हाताची.

हॅलम खाली आले तशी मी त्यांना ते सगळं दाखवलं. माझा आवाज चढला होता, हे मी कबूल करते. इस्माईलभाई एकेका शेपटीवर बोट ठेवत होते आणि मी इंग्लिशमध्ये सांगत होते. हॅलम वाकून बघत राहिले. मग ते खुर्चीवर बसले.

“लीव्हिंग फी,” ते पुटपुटले.

“काय?”

“शाळा सोडताना... पुढे पुढे अशी पद्धत पडली होती. वडील ठरावीक रक्कम भरायचे आणि शाळेचा सुतार मुलाचं नाव कोरायचा. मी ते कधीतरी वाचलंय. मला वाटलं, दुसऱ्या शाळांत.” त्यांनी टाय सैल केला. त्यांना तसं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. “मीही तिथलाच विद्यार्थी. वर्गात ह्याच नावांकडे बघत बसायचो. वाटायचं, काय धीट मुलं होती!”

मी ते इस्माईलभाईंना मराठीत सांगितलं.

“मग झालं तर,” इस्माईलभाई म्हणाले. “आधीही सुतारानेच कोरली होती. आताही सुतारच कोरेल. साहेबांना विचारा, ह्यात बनवाबनवी कसली?”

मी शब्दाला शब्द सांगितलं. हॅलमनी पहिला कागद पुन्हा जवळ ओढला आणि एकेक नाव मोजायला घेतलं. आज गुरुवार, परवा शनिवार.

शेवटी ते म्हणाले, “एकेचाळीस. ती कोरा. बावीस मुलांनी स्वतः कोरली होती, ती नाही. ती गेली. तिथे जागा रिकामी ठेवा.”

ज्या पोरांनी खरोखर कोरलं होतं ती कायमची गेली आणि ज्यांच्या बापांनी फी भरली होती ती परत येणार. मी तोंड उघडलं होतं, पण इस्माईलभाईंकडे बघून मिटलं. तत्त्वाची चर्चा नंतर.

“आणि सर, ते पत्र? माणसाला काढल्याचं?”

हॅलमनी तिथेच, माझ्या टेबलावर, माझ्याच पेनने मालकांना चिठ्ठी लिहिली. फळ्यांवरची नावं मूळ शाळेच्या परंपरेनुसार कसबी कारागिराकडून कोरली जात आहेत. त्यासाठी सध्याच्या फोरमनला कामावर ठेवणं अत्यावश्यक आहे. नबीलनी ते दोनदा वाचलं. “परंपरा,” ते म्हणाले. “हा शब्द लक्षात ठेव, मिस फैशाली. पुढच्या कोटेशनमध्ये घालू.”

इस्माईलभाईंनी तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. ठशावरून फळीवर आखायचं, मग छिन्नी. त्या डावखुऱ्या सुताराची शेपूट यावी म्हणून ते फळीच्या उलट्या बाजूला बसून कोरायचे. नव्या घावांचं लाकूड पांढरं दिसत होतं, म्हणून फळ्या ताडपत्रीखाली ठेवून अमोनियाची वाफ दिली. ओक त्याने काळपट होतं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, तरी माणूस खुशीत होता. एकदा काम करता करता त्यांनी विचारलं, “बाय, ती शाळा गरीब पोरांसाठी काढलेली ना? मग इथे तशी एखादी जागा असेल का? अकरावीला? नसीमाला गणितात चांगले मार्क पडतात.”

मी हॅलमना विचारलं. त्यांनी अगदी सभ्यपणे सांगितलं, की इंग्लंडमध्ये अजून काही जागा तशा असतात. इथल्या करारात त्या नाहीत. इथली फी वर्षाला पस्तीस हजार दिरहम. मी ते इस्माईलभाईंना सांगितलं, आणि मोठ्याने हिशेब केला: चार लाख रुपयांच्या वर. त्यांनी नुसतं “बरं” म्हटलं आणि पुढचं नाव कोरायला घेतलं.

उद्घाटन थाटात झालं. झग्यातले पाहुणे, सुटातले पाहुणे, इंग्लंडहून आलेले दोन म्हातारे. त्यातले एक त्या फळ्यांसमोर उभे राहून सोबतच्या बाईंना म्हणाले, “हे असं आजकाल कुणाला बनवता येणार नाही.” मी शेजारीच होते. हॅलमही होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. इस्माईलभाईंना आमंत्रण नव्हतं. ते त्या वेळी फॅक्टरीत होते. मार्चमध्ये नसीमाने पेपर दिले आणि पुढे निकाल लागला तेव्हा गणितात तिला ब्याण्णव मिळाले.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. एप्रिलमध्ये शाळेकडून फॅक्स आला. स्नॅग. फळी नंबर चार, अनधिकृत ओरखडा, तातडीने काढून टाकणे.

मी आणि इस्माईलभाई व्हॅन घेऊन गेलो. चौथ्या फळीवर, खालच्या बाजूला, जिथे आम्ही जागा रिकामी सोडली होती, तिथे कुणीतरी कंपासच्या टोकाने नाव कोरलं होतं. ‘करण’, इंग्लिशमध्ये. पहिलं अक्षर मोठं, पुढची लहान होत गेलेली, शेवटच्याला जागाच नाही. इस्माईलभाई चष्मा लावून खाली बसले. “हे पोराचंच आहे,” ते म्हणाले. “शंभर टक्के.”

हॅलम मागे उभे होते. मुलाला आठवडाभर घरी पाठवलं होतं, आईवडिलांना बोलावून समज दिली होती.

“सर,” मी म्हटलं, “ही जागा अशाच मुलांची होती ना? स्वतःच्या हाताने कोरणाऱ्या?”

“होय.”

“मग?”

“दीडशे वर्षांपूर्वी कोरलं असतं तर ठेवलं असतं, मिसेस जोशी.”

“पण तेव्हासुद्धा शिक्षा व्हायचीच की!”

“तेव्हा मुलाला मारायचे आणि लाकूड तसंच ठेवायचे,” हॅलम म्हणाले. “इथे मुलाला मारायला बंदी आहे.”

त्यांचा चेहरा माझ्याइतकाच गोंधळलेला होता. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा जो काही राग उरला होता तो तिथे संपला. मी नाव घासायच्या परवानगीचा कागद पुढे केला, त्यांनी सही केली. इस्माईलभाईंनी दहा मिनिटांत करणला घासून काढलं, वर लाकडाचा रंग लावला, आणि हाताने चाचपून बघितलं. काही राहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या जॉब कार्डवर एक रकाना वाढला. लाकडाचा प्रकार, जाडी, फिनिश, आणि त्याखाली: ओरखडा कुणाचा? त्यापुढे ग्राहकाची सही घेतल्याशिवाय मी कुणालाही रंधा उचलू दिला नाही.